खळ नासू नये म्हणून

आमच्या ह्यांचं नाव धोंडू. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतात, पण 'हे असं म्हणाले, त्यांनी तसं केलं' करत बसले तर ऐकणाऱ्याला कळायचं नाही कोण हे आणि कोण ते. घरात पुरुष दोन, धोंडू आणि त्याचे वडील अप्पा. तेव्हा एकदा नाव घेतलंच आहे तर एकेरीच घेते. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे.

संप सुरू झाला तेव्हा बापलेक दोघं एकाच गिरणीत होते. धोंडू साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, अप्पा सायझिंग खात्यात. सायझिंग म्हणजे सूत साच्यावर चढायच्या आधी त्याला खळ पाजायची, म्हणजे ते पटापट तुटत नाही. ती खळ शिजवायचं काम अप्पांचं. साबुदाण्याचं पीठ, मक्याचं पीठ, चरबी, आणखी काय काय. मोठ्या टाकीत वाफेवर ढवळत राहायचं. आयुष्यभर माणसाने तेवढंच केलं, आणि त्याचा तोरा केवढा! माझ्या हातच्या पेजेत गुठळी सापडली की म्हणायचे, "सुनबाय, तू आमच्या खात्यात असतीस तर साहेबान तुका फाटकाभायर काढल्यान असता." मी म्हणायची, "मग तुम्हीच करा पेज." केली मात्र कधी नाही.

संप मिटला असं कोणी कधी म्हणालं नाही. मिटलाही नाही आणि उरलाही नाही. दुसऱ्या गिरण्यांनी थोडी थोडी माणसं आत घेतली, आमच्या गिरणीचं फाटक काही उघडलं नाही. मी दादरच्या एका ऑफिसातल्या लोकांचे डबे करायचे, त्यावर चूल पेटत होती. मला उपाशी मरायची भीती नव्हती. भीती होती ती धोंडूची.

तो उठायचाच नाही. दिवस वर आला तरी गोधडीत. दाढी नाही, आंघोळ नाही, विचारलं तर उत्तर नाही. भांडला असता तर बरं वाटलं असतं मला, मी भांडायला कधीही तयार असते. पण हा नुसता बघायचा. खालच्या मजल्यावरचा भिवा असाच नुसता बघत बसायचा, आणि एका दुपारी त्याने जिवाचं बरंवाईट करून घेतलं. त्याच्या बायकोला मी धरून बसले होते. तेव्हापासून डबे पोचवून येताना माझी पावलं जिन्यावर जड व्हायची. आपल्या दारात गर्दी नाही ना, हे आधी बघायचं आणि मग वर चढायचं.

मग आंब्याचा मोसम आला. मी रोज कानीकपाळी ओरडून, रडून, त्याला बाजारात हमालीला ढकललं. तिथे रिकाम्या पेट्यांतला पेंढा ढिगाने पडलेला असतो, कोणी विचारत नाही. एक दिवस एक म्हातारेसे गृहस्थ आले, धोतर नाही, पँट, डोळ्याला जाड चष्मा, आणि म्हणाले, "हा पेंढा मला गिरगावात पोचवाल का?" धोंडूने विचारलं, "घरी म्हैस आहे का साहेब?" ते हसले. म्हणाले, "म्हैस नाही. मी याचं इंधन करतो. मोटार चालेल यावर."

ते विजयकर सर. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले, खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहायचे. एकटेच. धोंडू पेंढा घेऊन गेला तो संध्याकाळपर्यंत आलाच नाही. माझा जीव टांगणीला. मग आला आणि दारातूनच सांगत सुटला. इतकं बोलताना मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं. पेंढ्याचे तुकडे करायचे, पाण्यात वाईच तेजाब घालून शिजवायचे, म्हणजे त्यातली साखर सुटते. मग चुना घालून तेजाबाचा जोर मारायचा. मग त्यात खमीर सोडायचं, बेकरीवाले पाव फुगवायला वापरतात ते. खमीर साखर खातं आणि स्पिरिट तयार होतं. सरांनी त्याच्यासमोर बशीत दोन थेंब पेटवून दाखवले होते. "ज्योत दिसतसुद्धा नाही गं, निळी, अगदी निळी. हात नेला तर चटका." आणि त्याने मला बोट दाखवलं. खरंच भाजलं होतं.

नंतर सर एकदा आमच्याकडे जेवायला आले, बांगड्याचं तिखलं हाणलं, आणि मलाही समजावून सांगितलं. म्हणाले, "वहिनी, खमीर जिवंत असतं. साखर खातं आणि दारू सोडतं." मी म्हटलं, "सर, आमच्या चाळीत साखर खाऊन दारू सोडलेला एकही नाही हो." ठसका लागेपर्यंत हसले. चांगला माणूस. त्याच्यावर माझा राग नाही.

खोपोलीकडचा एक कारखानदार सरांच्या ओळखीचा होता. तिकडे भाताचा पेंढा शेतात जाळून टाकतात. तो म्हणाला, मला एक पिंप भरून करून दाखवा, बशीतलं नको. माझ्या डोळ्यांसमोर पेटलं तर कारखाना टाकतो, आणि देखरेखीला तुमचा हा माणूस ठेवतो. तुमचा हा माणूस म्हणजे धोंडू. राहायला खोलीसुद्धा देणार होता.

सरांनी सरकारी परवानगी काढली. भोईवाड्यात कोर्टाच्या मागे त्यांच्या नात्यातल्या कोणाचा साबणाचा बंद पडलेला गाळा होता, तो मिळाला. चाळीतली माणसं म्हणायची, "काय धोंड्या, हातभट्टी लावली म्हणे? पहिल्या धारेची आम्हाला ठेव हां." धोंडू हसायचा. हसायचा! सकाळी माझ्याआधी उठून दाढी करायचा, शीळ घालायचा. मी डबे भरता भरता पदराने डोळे पुसायची आणि कांद्यावर ढकलायची.

पेंढा शिजवायची वेळ आली तेव्हा धोंडूच म्हणाला, "सर, हे काम अप्पांना द्या. शिजवण्यात त्यांचा हात धरणारा नाही कोणी." अप्पा दोन वर्षं गॅलरीत बसून होते. कोणी काही विचारलं नव्हतं त्यांना, कशाबद्दलच. त्या सकाळी त्यांनी पेटीतला गिरणीचा खाकी शर्ट काढला, मला इस्त्री करायला लावली. पेंढा शिजवायला इस्त्रीचा शर्ट! मी बोललेसुद्धा. पण केली इस्त्री.

आणि खोटं कशाला बोलू, शिजवलं त्यांनी सुरेख. कुठे आच कमी करायची, कुठे ढवळायचं, म्हातारा नुसत्या वासावरून सांगत होता. सर म्हणाले, "अप्पा, उत्तम." अप्पांनी ते वाक्य संध्याकाळी नळावर, मग शेजारच्या राधाबाईच्या दारात, मग मारुतीच्या देवळात सांगितलं. मीच चार वेळा ऐकलं.

पुढे मात्र सरांनी धोंडूला एकट्यालाच आत ठेवलं. खमीर सोडलं, पिंपावर फडकं बांधलं आणि बजावलं, "आता याला कोणी हात लावायचा नाही. आपलं काम झालं, आता त्याचं काम." धोंडू अप्पांना म्हणाला, "तुम्ही आता घरीच थांबा. इथे तेजाबाचा वास आहे, तुम्हाला खोकला होतो." खोकल्याचं खरंच होतं. पण अप्पांना ते लागलं. घरी येऊन खाकी शर्ट पुन्हा पेटीत ठेवला आणि जेवताना म्हणाले, "शिजवीपर्यंत बापूस. आता नको." धोंडू समजवायला गेला तर म्हणाले, "माका कळता सगळा."

तिसऱ्या दिवशी सरांनी धोंडूला तांब्याची नळी आणायला गिरगावात बोलावलं. गाळ्याला कुलूप होतं, पण राखणीला कोणीतरी हवं म्हणून धोंडूने किल्ली अप्पांकडे दिली. "नुसते बसा. बाहेर खुर्ची टाकून बसा." अप्पांनी पुन्हा शर्ट चढवला. जाताना ताठ चालत होते. परत आले तेव्हा इतके खूश, की मला म्हणाले, "आज कालवण बरा झाला हां." सासरा माझ्या कालवणाला बरं म्हणतो म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कोणाला कळतं?

कारखानदार आला त्या दिवशी मीही गेले. नवऱ्याचं नशीब उघडताना बघायला बायकोने जायला नको? सर, कारखानदार, धोंडू आणि मी आत. अप्पा दाराशी गोणपाटावर. भट्टीवर पिंपातलं पाणी चढवलं, वाफ तांब्याच्या नळीतून थंड होऊन बाटलीत ठिबकायला लागली. धोंडूच्या कपाळावर घाम. मी सिद्धिविनायकाला नवस बोलले, मग कमी पडायला नको म्हणून गावच्या देवीलाही बोलले.

सरांनी बशीत थोडं ओतलं आणि काडी ओढली. काडी बशीत विझली. दुसरी ओढली. ती पण विझली. नुसतं पाणी हो. कारखानदाराने रुमाल काढून मान पुसली. सर म्हणाले, "थोडं थांबू, नळीत राहिलेलं पाणी असेल." थांबलो. बाटली भरली. पुन्हा काडी, पुन्हा फुस्स.

सर उठले, पिंपाशी गेले. तळातला गाळ पळीने काढून उजेडात धरला. त्यात हिरवट निळी झाक होती. त्यांनी बोटावर चोळून बघितलं. ओरडले नाहीत, त्यांना ओरडता येतच नव्हतं. अगदी हळू, वर्गात विचारतात तसं विचारलं, "यात मोरचूद कोणी घातलंय?"

माझं लक्ष दाराकडे गेलं. अप्पांचा चेहरा उजळला होता. गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले होते. शिकलेल्या माणसाच्या शेवटी लक्षात आलं, आता आपलं नाव निघणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसलं. आणि धोंडूलाही दिसलं.

"मी," धोंडू म्हणाला.

अप्पा अर्धे उठलेले तसेच राहिले.

"तुम्ही?" सरांनी चष्मा काढला. "तुम्हाला सुचलं हे?"

"हो. मलाच."

कारखानदाराने घड्याळ बघितलं, सरांना नमस्कार केला आणि "बघू, कळवतो" म्हणून निघाला. सर त्याच्यामागे गाडीपर्यंत गेले. आम्ही दोघंही गेलो, अप्पा दाराशीच राहिले. गाडी गेल्यावर सर धोंडूकडे वळले. म्हणाले, "सगळं मेलं हो त्यातलं. मोरचूद म्हणजे विषच खमिराला. बेकरीतून आणून, गुळाच्या पाण्यात जागवून सोडलेलं खमीर, एका पुडीत संपलं." मी म्हटलं, "सर, पुन्हा करू. पेंढ्याला काय तोटा आहे?" ते म्हणाले, "पेंढा आहे वहिनी, पण त्या गृहस्थाला आता कोणत्या तोंडाने बोलावू? त्याचा पेंढ्यावर विश्वास होता. तो सांभाळणाऱ्या माणसावर बसायला हवा होता." आणि मग धोंडूला, "मी बजावलं होतं तुम्हाला." एवढंच. गाळ्याची किल्ली मागून घेतली. आमच्याकडे न बघता चालायला लागले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "अहो, थांबवा त्यांना! सांगा ना अप्पांनी टाकलं म्हणून. तुमचा काय दोष?"

"काय सांगू?" धोंडू म्हणाला. "अप्पा तिथे बसलेत. ऐकतील. बापाला काय सांगू, तुझ्या हाताने माझं वाटोळं झालं? खळीशिवाय आहे काय गं त्यांच्याकडे? तेवढं एकच येतं त्यांना आयुष्यात."

"आणि तुमच्याकडे काय आहे?" मी ओरडले. रस्त्यातच. कोर्टाबाहेरचे दोन वकील वळून बघायला लागले. धोंडू अप्पांना घ्यायला गाळ्याकडे चालू लागला.

म्हातारा असं का वागला, ते मला त्याच संध्याकाळी त्यांच्याच तोंडून कळलं, कारण ते गप्प बसेनातच. राखणीला बसल्यावर वास आला म्हणून फडकं सोडून बघितलं. वर फेस, बुडबुडे, पांढरी साय, आंबूस वास. आता सायझिंग खात्यात असा वास आला म्हणजे खळ नासली. खळ नासली की सुताला बुरशी, कापडावर काळे डाग, सगळा तागा बाद, आणि वर साहेबाच्या शिव्या. म्हणून खळीत आधीच मोरचूद घालायचं, म्हणजे काही धरत नाही. आयुष्यभर तेच केलं त्यांनी. मुलाच्या पिंपात तोच वास आला. जीव खालीवर झाला त्यांचा. तंबाखूची पुडी घ्यायची ती न घेता कोपऱ्यावरच्या रंगवाल्याकडून मोरचूद घेतलं, विरघळवलं, घातलं आणि हाताने ढवळलं. थोड्या वेळाने फेस बसला, वास गेला. म्हातारा सुखावला. पोराचं काम वाचवलं मी, म्हणून सुखावला. जे फसफसत होतं तेच काम होतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. "हात लावू नका" एवढंच सांगितलं होतं.

आणि मग त्यांचं सुरू झालं.

"धोंड्यान माझा काम आपल्या नावार घातल्यान," हे समोरच्या खोलीतल्या बकुळाला. "शिकलेल्या माणसासमोर बापाचा नाव घेऊक लाज वाटली त्येका," हे राधाबाईला. "माका दोन दिवस आधी आत घेतला असता तर नासला नसता. उशीर झालो म्हणान पेटला नाय," हे सगळ्या चाळीला. धोंडूशी मात्र बोलणं बंद. समोर बसून जेवायचे नाहीत, ताट घेऊन गॅलरीत जायचे. पाणी हवं असलं तर मला सांगायचे, "तुझ्या घोवाक सांग, तांब्या सरकव." दीड हातावर नवरा बसलेला.

बकुळा एकदा मला म्हणाली, "अगं मालन, काही म्हण, बापाचं श्रेय लाटणं बरं नव्हे." मी तिच्याशी इतकी भांडले की नळावरच्या बायका पांगल्या. पण खरं ते तिलाही सांगता येईना. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अप्पांच्या कानावर गेलं असतं.

धोंडू हमालीला परत गेला नाही. मोसमही संपला होता. मी आता त्याला घरात एकटं सोडत नाही. डबे पोचवायला राधाबाईला पाठवते, तिला त्यातला वाटा देते, आणि मी इथेच भाज्या निवडत बसते. सरांकडे एकदा गेले होते. दाराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, बडोद्याला मुलीकडे गेले, आता येतील असं वाटत नाही.

परवा दुपारी जेवायला वाढलं. अप्पांनी ताट उचललं आणि गॅलरीत जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाले, "दुसऱ्याची अक्कल आपली म्हणान सांगतल्यार देव यश देणा नाय. म्हणान तुझो घोव असो बसलो हा."

बस्स. माझ्या हातातली पळी खाली आदळली. म्हटलं आता सांगतेच. होऊ दे काय व्हायचं ते. ह्याने तोंड शिवून घेतलंय, मी नाही घेतलेलं. "अप्पा," मी म्हटलं, "ऐका. त्या दिवशी सरांनी..."

"मालन." धोंडू म्हणाला. किती दिवसांनी माझं नाव घेतलं त्याने. तो उठला, गॅलरीच्या दारात गेला, आणि अप्पांच्या पायाशी वाकला. "चुकलं अप्पा. तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं मी."

अप्पांना हातातलं ताट कुठे ठेवावं कळेना. मी ते काढून घेतलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी धोंडूच्या डोक्यावर हात ठेवला. मग आत येऊन त्याच्या शेजारी, त्याच्याच पाटावर, खेटून बसले. मी दोघांना एकाच ताटात भात वाढला. अप्पांनी पहिला घास घेतला, चावला, आणि अगदी मायेने मुलाकडे वळून म्हणाले,

"जाऊंदे झिला. पुढच्या खेपेक आपण मोरचूद आधीच घालूया. आणि वाईच जास्त. मी आसंय मा."

धोंडू हो म्हणाला.